भाऊ म्हणाला "ताटं नाहीत", मी ऐकलं नाही. ३,९४,५०० रुपयांचा अनुभव

लिहू की नको करत वर्ष काढलं. नवरा म्हणतो, कशाला चारचौघांत आपलीच अक्कल काढून घेतेस. पण ज्याच्या निवासी केंद्रात दिव्यांग भावाला ठेवून मी फसले, परवा एका पालकांच्या ग्रुपवर त्याच माणसाची जाहिरात परत फिरताना दिसली आणि डोकं सटकलं. लांबेल, पण वाचा.

भाऊ ४३ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. आईबरोबर डोंबिवलीला राहायचा, मी कल्याणला. आई फेब्रुवारी २०२३ मध्ये गेली. माझं वन बीएचके, नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, माझी पतपेढीतली नोकरी. हे कारण म्हणून सांगत नाहीये (सांगतेच आहे खरं तर), पण "सख्ख्या भावाला टाकलं" म्हणायला ज्यांची जीभ शिवशिवतेय त्यांनी आधी चार महिने असं घर चालवून दाखवावं.

अशा मुलांना वयाच्या अठरापर्यंत शाळा आहेत, बालगृहं आहेत. पुढे काय? तिकडे अमरावती जिल्ह्यात वझ्झरला अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळणारे शंकरबाबा पापळकर इतकी वर्षं हेच ओरडून सांगतायत, २०२४ ला पद्मश्री मिळाली, प्रश्न आहे तिथंच. चांगल्या संस्था आहेत, नाही असं नाही, मी तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्हीकडे वेटिंग. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची घरौंदा योजना (अठरावरच्या बौद्धिक दिव्यांगांच्या राहण्याची सोय) नेमकी आमच्यासारख्यांसाठीच आहे, पण आमच्या आसपास जागा मिळेना. आणि ही फसव्या केंद्रवाल्यांची जमात त्या वेटिंग लिस्टवरच जगते. आपण तिसरा फोन ठेवून रडत बसलेलो असतो तेव्हाच यांचा मेसेज येतो. "आजीवन निवासी केंद्र, निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण, फक्त २ जागा शिल्लक." दोन जागा अजूनही शिल्लकच आहेत बरं का.

मे महिन्यात रविवारी बघायला गेलो, भावाला घेऊनच. नाशिक हायवेपासून आत एक फार्महाऊस. चालवणारा नवरा-बायको, त्याला सगळे सर म्हणायचे आणि तिला माई. पन्नाशीच्या माणसांनासुद्धा "आमची मुलं" म्हणत होती, मला तेव्हा ते प्रेमळ वाटलं. सगळे एका रांगेत उभे, नवे कोरे टीशर्ट, पाकिटातल्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. दिसल्या होत्या मला त्या घड्या. मी मनात म्हटलं, वा, पाहुणे येणार म्हणून नवे कपडे घातले.

मग स्वयंपाकघर दाखवलं. सव्वाबारा वाजलेले. सर सांगतायत ३८ मुलं राहतात. आता माझ्या भावाचं एक सांगते, आमच्या घरी ताटं मांडणं हे त्याचं काम, लहानपणापासून. आईने लावलेलं. किती माणसं, किती ताटं, किती वाट्या, तो कधी चुकत नाही, त्याला बाकी हिशोब येत नाही पण हा येतो. तो त्या मांडणीसमोर जाऊन उभा राहिला आणि माझी ओढणी खेचून म्हणाला, "ताई, ताटं नाहीत." दोनदा म्हणाला. मी त्याला म्हटलं, अरे थांब, भूक लागली का, देते बिस्कीट. आणि पर्समधून पार्ले-जी काढून दिलं!

ताटं नव्हतीच. आज डोळे मिटले की मला ती मांडणी दिसते, सात-आठ स्टीलची ताटं आणि एक परात. ३८ माणसं, सव्वाबाराची वेळ, गॅसवर एक पातेलं नाही, फोडणीचा वास नाही. ज्याला सगळे मतिमंद म्हणतात त्याला एका मिनिटात कळलं आणि २६ वर्षं पतपेढीत लोकांचे जामीनदार तपासणाऱ्या मला कळलं नाही. मी कॉट पण मोजल्या नाहीत. तुम्ही मोजा. कॉट मोजा, ताटं मोजा, संडासात पाणी सोडून बघा, आणि रविवारी अजिबात जाऊ नका, मंगळवारी न सांगता जा.

पैसे. डिपॉझिट ३,००,००० (सोडल्यावर परत), प्रवेश फी २५,०००, गादी आणि किट १२,५००, महिना १८,००० प्रमाणे तीन महिन्यांचे ॲडव्हान्स ५४,०००. नंतर सप्टेंबर-ऑक्टोबरचे ३६,००० आणि "फिजिओचे" दोनदा ३,५००. एकूण ४,३४,५००. सगळे बँकेतून दिले, रोख एक पैसा नाही, म्हणून मी निर्धास्त. पण पावती! डिपॉझिटच्या पावतीवर लिहिलं होतं "ऐच्छिक देणगी". मी विचारलं, विचारलं नाही असं नाही. सर म्हणाले, "ताई, ट्रस्ट आहे ना, डिपॉझिट दाखवता येत नाही, आणि तुम्हाला एटीजीमध्ये (८०जी, देणगीवरची करसवलत) टॅक्स पण वाचेल." माझ्याच टेबलावर कोणी असा कागद आणला असता तर मी त्याला उभं केलं नसतं. पण आईच्या दागिन्यांचे पैसे होते ते, मला एकदाचं काम उरकायचं होतं. पावतीवर देणगी शब्द दिसला तर उठून या. डिपॉझिट म्हणजे डिपॉझिट, परताव्याच्या अटीसकट, स्टॅम्प पेपरवर.

भिंतीवर सर्टिफिकेट होतं, लॅमिनेट केलेलं, फुलांचा हार घातलेला. ते ट्रस्टच्या नोंदणीचं. ट्रस्ट कुठलाही निघतो हो, तमाशाचा पण निघतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५० आहे, दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं, ते यांच्याकडे नव्हतंच. ते मागा, मुदत बघा, पत्ता तोच आहे का बघा.

११ जूनला सोडून आलो. पहिले दोन महिने भेटायचं नाही, "सेटल व्हायला वेळ द्या." ही अट कोणी घातली तर तिथल्या तिथे नाही म्हणा. फोटो यायचे, प्रत्येक फोटोत तोच निळा टीशर्ट. ऑगस्टमध्ये भेटले तर झोपाळलेला, माई म्हणाल्या पावसाने आळसावलाय. सप्टेंबरला गेले तेव्हा "डॉक्टरकडे नेलंय", ऑक्टोबरला मी नवऱ्याच्या हॉस्पिटलात. वसुबारसेला दिवाळीसाठी घरी आणला तो परत पाठवलाच नाही. सोडताना वजन ६८ किलो, आणला तेव्हा ५७. थायरॉईडच्या गोळ्यांच्या डब्या मी दिलेल्या, दोन्हीची सीलं तशीच. झोप कशाने येत होती तर "शांत राहायची गोळी", कुठली, कोणी लिहून दिली, चिठ्ठी नाही. घरी पहिल्या दिवशी त्याने स्वतःच्या ताटातली पोळी खिशात ठेवली. यापुढे मला लिहवत नाही.

पैसे मागितले तर सुरुवातीला गोड. दोन वेळा वीस-वीस हजार यूपीआय केले, मग एक लाखाचा चेक दिला, तो बाऊन्स झाला. "ताई, ग्रँट अडकलीय, पुढच्या महिन्यात परत टाका." मी थांबले. चेकची तीन महिन्यांची मुदत गेली आणि नोटिशीचे तीस दिवसही गेले. बाऊन्सचा मेमो हातात आला की तीस दिवसांत वकिलाची नोटीस, त्याच्या गोड बोलण्यावर एक दिवस जाऊ देऊ नका. हे पतपेढीवाली सांगतेय, हसा खुशाल.

आता सरकारी लोकांची ऐका. पोलीस स्टेशनला हवालदार म्हणाला सिव्हिल मॅटर आहे, पावती बघून साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही देणगी दिलीय, देणगीत फसवणूक कसली?" वर विचारलं, मेंटल हॉस्पिटलला का नाही ठेवला? त्यांना मनोरुग्ण आणि बौद्धिक दिव्यांग यातला फरक समजावताना माझी हाफ डे गेली. मग म्हणे तुम्ही त्याच्या कायदेशीर पालक आहात का? सख्खी बहीण, पण तो सज्ञान, मग पालक म्हणून कागद लागतो, तो नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या स्थानिक समितीकडून. तिथे गेले तर समितीची मीटिंगच लागलेली नाही. महिला-बालविकासवाले म्हणाले अठराच्या वरचे आमच्याकडे नाहीत. समाजकल्याणला गेले तर ज्या संस्थेची आमच्याकडे नोंदच नाही तिच्यावर कारवाई कशी करू! अहो, नोंद नाही हीच तर तक्रार आहे!! धर्मादाय कार्यालयात कळलं ट्रस्ट दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, तिकडे जा. दिव्यांग कल्याणचं वेगळं खातं २०२२ ला काढलं म्हणून केवढा गाजावाजा, आणि माझ्या अर्जावर इनवर्ड नंबरशिवाय एक अक्षर पडलेलं नाही.

आणि दंड ऐका. त्याच दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८९, नियम मोडला तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत. माझ्या भावाची गादीच साडेबारा हजारांची होती.

कलम ९२ मात्र वाचून ठेवा. ताब्यातल्या दिव्यांग माणसाला जाणूनबुजून उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद. कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे पण जाता येतं. हे मला एकाही ऑफिसने सांगितलं नाही, एका बाईने सांगितलं, तोवर वजन भरून आलं होतं आणि आधीचा पुरावा म्हणजे माझी जीभ. सोडायच्या आधी डॉक्टरकडून वजनाचा कागद घ्या. आईवडील हयात असतानाच पालकत्वाचा अर्ज टाका. मी आईला दोनदा म्हटलं होतं, ती म्हणायची मी आहे ना.

२०११ ला कळंबोलीच्या आश्रमातल्या मतिमंद मुलींवरच्या अत्याचाराच्या बातम्या लागल्या होत्या तेव्हा तिने टीव्ही बंद करून भावाला जवळ ओढला होता. तेव्हा मी तिला म्हणाले होते, सगळीकडे असं नसतं गं.

जाहिरातीत आता नाव बदललंय, नंबर नवा, फोटो जुनाच. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, निळ्या टीशर्टवाला, तो माझा भाऊ. फोटो काढून टाका म्हणून त्या नंबरवर चार मेसेज केले. वाचलेत. त्यावर उत्तर आलं, "नमस्कार, फक्त २ जागा शिल्लक."