रायव्हिंग नाइफ की स्प्लिटर?

टेबल सॉला (टेबलातून वर येणारी गोल करवत) कुठलं लावू असं विचारलंस ना, तर दोन्ही ब्लेडच्या मागे उभ्या राहणाऱ्या पातळ पट्ट्याच, आणि काम दोघांचं एकच, चिरलेली फट मिटून लाकूड ब्लेडच्या मागच्या दातांवर चढू नये म्हणजे किकबॅक, लाकूड झटक्यात तुझ्याकडे उडणं, टळतो. फरक रोजच्या वापरात कळतो.

अलाइनमेंट, म्हणजे ब्लेडच्या रेषेत बसणं, आधी बघ कारण सगळं त्यावरच आहे. रायव्हिंग नाइफ ब्लेडसोबत वरखाली होतो, तिरका पण होतो, त्यामुळे एकदा नीट बसवला की शक्यतो हलत नाही. इन्सर्ट प्लेटमधला (ब्लेडभोवतीची काढता येणारी झाकणपट्टी) स्प्लिटर मात्र प्लेट जराशी सरकली तरी रेषेबाहेर जातो आणि मग लाकूड मध्येच अडकतं, किंवा फेन्सपासून (लाकूड सरळ सरकवायच्या आधारपट्टीपासून) सुटतं, आणि कडेवर जळल्याचे डाग पडतात. दोन्हींसाठी प्लग काढूनच सरळ पट्टी ब्लेडला लावून तपास, दातांना नाही, ब्लेडच्या सपाट अंगाला. नाइफची किंवा स्प्लिटरची जाडी त्या अंगापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी हवी, हे चुकलं तर बाकी सगळी मेहनत वाया!

खाच पाडताना, म्हणजे आरपार न कापता, स्प्लिटर काढावाच लागतो, आणि काढलेला परत लावायचा कंटाळा येतो, खरा धोका तिथेच. नाइफ ब्लेडच्या टोकाखाली राहत असेल तर तसाच ठेवता येतो. तिरक्या कापालाही स्प्लिटरला वेगळी प्लेट लागते.

खर्चात स्प्लिटर स्वस्त, घरीही बनतो.

जुन्या मशीनला नाइफची सोयच नसेल तर स्प्लिटर लाव, पण लावच. नवीन मशीन घेणार असशील किंवा वेगवेगळे काप सतत मारत असशील तर रायव्हिंग नाइफच घे.