रोजच्या पेपरमधलं अवघड शब्दकोडं: पावसाळ्यापासून आतापर्यंतचा अनुभव

गुढीपाडव्याला पेपर उघडला तर शब्दकोड्याच्या जागी पानभर गाड्यांच्या शोरूमची जाहिरात. सण आहे, जाहिराती येणार, इथपर्यंत ठीक. पण आदल्या दिवशीच्या कोड्याचं उत्तर त्याच जागेत खाली छापतात ना, तेही गेलं. दुसऱ्या दिवशी नवं कोडं आलं तर त्याच्याखाली उत्तराची चौकटच नाही, कारण काय तर काल कोडंच नव्हतं! म्हणजे परवाचं उत्तर कायमचं गायब. हा रिव्ह्यू त्या रागातच लिहायला घेतलाय, पण कोड्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं भरपूर आहे म्हणून तेही लिहिते.

कोडं म्हणजे ते सोपं वालं नाही हं. कावळा तीन अक्षरी वायस, सोनं तीन अक्षरी कनक, भुंगा दोन अक्षरी अली, हे सगळं वर्षानुवर्षं फिरून फिरून येतं आणि महिनाभरात पाठ होतं. मी बोलतेय ते त्याच्या शेजारचं, अवघड वालं, ज्यात सूचना वाचून आधी काहीच कळत नाही. गेल्या पावसाळ्यात सुरू केलं. आम्ही भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये राहतो, हे लोको पायलट, ड्युटीचा काही नेम नाही, त्यामुळे डबा भरून दिला की तो अर्धा-पाऊण तास माझा असतो.

सुरुवातीला मला वाटायचं की कोडं करणारा मुद्दाम छळतोय. एक सूचना होती, 'गरीब उलटा फिरला आणि वाहू लागला', 2 अक्षरं. मी वारा घातला, ओढा घातला, झरा घातला, काहीच जुळेना. शेवटी आडव्या शब्दातून 'न' मिळाला तेव्हा डोक्यात आलं, गरीब म्हणजे दीन, उलटा केला की नदी! सगळं समोरच लिहिलेलं होतं, कुठे लपवाछपवी नाही, फसवणूक नाही. तिथून माझं मत बदललं. हा माणूस (किंवा बाई, नाव छापतच नाहीत, खरं तर छापायला पाहिजे, एवढं डोकं लावणाऱ्याचं नाव का नको) अगदी प्रामाणिकपणे कोडं रचतो.

आणि घरातले सगळे यात ओढले गेले हे मला सगळ्यात आवडलं. 'थोडंसं धान्य मागं वळलं आणि सरपटत गेलं', 2 अक्षरं. मी मूठ, शेर करत बसले होते. सासूबाई बाजूला ज्वारी निवडत होत्या, त्यांनी ओंजळीचा अर्धा भाग, म्हणजे एका हाताचा खोलगट तळवा माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "पसा असंल वं, उलटा कर." पसा, साप! त्या आजही धान्य पशानेच मोजून काढतात, मी वाटीने मोजते, मला सुचणार कुठून. तेव्हापासून मी रोज सकाळी दोन रुपये देऊन एक झेरॉक्स काढते, एक प्रत त्यांची एक माझी. आधी दोन रुपये रोज म्हणजे महिन्याचे साठ हा हिशोब डोक्यात यायचा पण आता तो खर्च मला अजिबात खुपत नाही.

आता ह्रस्व-दीर्घाचं. यावर मी आधी फार चिडायचे. आडवा शब्द पालखी, उभा शब्द खिडकी, आणि दोघांचं एकच घर. आता त्या घरात खी लिहायचा का खि? शाळेत यासाठी मार्क कापले जायचे आणि इथे छापील कोड्यात सर्रास चालतं. पण रोज सोडवून सोडवून लक्षात आलं की याला इलाज नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, आणि सुरुवातीला-मध्ये बऱ्याचदा ह्रस्व, मग ही सूट नसेल तर असं शेवटचं अक्षर दुसऱ्याचं पहिलं अक्षर क्वचितच होईल. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर बसतं, आपल्याकडे काना-मात्रा-वेलांटीसकट आख्खं अक्षर, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात, त्यामुळे जुळवणं मुळातच अवघड. एवढी सूट द्यायला हरकत नाही. तक्रार मागे.

आपल्याकडचे शब्द येतात का हाही प्रश्न होता, कारण बहुतेक कोडी पुण्या-मुंबईच्या हिशोबाने असतात. पण याच्यात आसोद्याची कवयित्री 5 अक्षरं आली (बहिणाबाई, हे तर पोरंही सांगतील), आणि एकदा 'सूर्याच्या लेकीच्या अंगात ताप' आलं. तापी! ताप तिच्या नावातच आहे आणि पुराणात ती सूर्याचीच मुलगी. तापीकाठी राहून मला कोणी असं सांगितलं नव्हतं, मी ते कात्रण फ्रीजवर लावलंय. आणि 'बालकवींचा शेवट झाला ते स्टेशन', 3 अक्षरं. मला धरणगाव माहीत होतं, त्यांचं जन्मगाव, पण ते 5 अक्षरं. यांना विचारलं तर बूट घालता घालता म्हणाले, "भादली. जळगाव सोडलं की भादलीच." रोज गाडी घेऊन तिथून जाणारा माणूस. 5 मे 1918 ला तिथे रेल्वेखाली गेले बालकवी, तिशीही गाठली नव्हती. त्या दिवशी पुढची घरं भरायला जरा वेळ लागला.

तर एवढं चांगलं कोडं, आणि पेपरवाल्यांना त्याची किंमत नाही, माझं दुखणं हेच आहे. पाडव्यानंतर मी ऑफिसला फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "ताई, पेपर जाहिरातीवर चालतो." मी म्हटलं, "भाऊ, जाहिरात छापा, माझी ना नाही, फक्त उत्तर दुसऱ्या दिवशी छापा, दोन बोटं जागा लागते." वर कळवतो म्हणाला. रामनवमीला परत तेच, 14 एप्रिलला परत तेच. कोडं नसलेल्या दिवशी पेपरचे पैसे कमी घेतात का? नाही. बिल पूर्णच येतं.

जगात हे कुठून सुरू झालं ते बघितलं तर पहिलं शब्दकोडं 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्क वर्ल्डच्या रविवारच्या पुरवणीत आलं, आर्थर विन नावाच्या माणसाने केलेलं. न्यूयॉर्क टाइम्स तर 1924 मध्ये कोड्यांना वेळेची नासाडी म्हणून नावं ठेवत होता, आणि शेवटी त्यांनीच 15 फेब्रुवारी 1942 ला सुरू केलं, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला दोन-अडीच महिने झालेले, ऐन युद्धात, तेव्हा पानावर बातम्यांची किती गर्दी असेल! त्यांनी जागा काढली. आपल्याकडे शोरूमची जाहिरात आली की कोडं बाहेर.

मध्ये एक गोष्ट कळली ती महत्त्वाची आहे. जळगावला माझी नणंद राहते, तिच्याकडे त्याच पेपरची शहर आवृत्ती येते, आणि 14 एप्रिलला तिच्या पेपरात कोडं होतं! आमच्या तालुक्याच्या पेपरात त्याच जागी इथल्या जाहिराती. म्हणजे कोडं तयार असतं, उत्तरही तयार असतं, फक्त आम्हाला देत नाहीत. हे कळल्यावर माझा राग दुप्पट झाला. आता ती सकाळी मोबाईलवर फोटो पाठवते, पाडव्याला मात्र तिच्याकडेही नव्हतं.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात पेपर ओलसर येतो, तेव्हा बॉलपेन फाडतं, मऊ शिसाची पेन्सिल वापरा. उत्तर उलटं छापतात ते चांगलं आहे, चुकून नजर जात नाही. पेपर उलटा धरला की कोड्याची काळी घरं जशीच्या तशी दिसली पाहिजेत, चांगल्या कोड्याची ती रीत असते, इथे अधूनमधून एखादं घर इकडेतिकडे होतं. आणि सोमवारी सोपं, शनिवारी कठीण अशी चढण न्यूयॉर्क टाइम्समध्ये ठेवतात ना, तशी इथे नाही, सोमवारीच कधीकधी डोकं फुटतं.

आता आखाजी (अक्षय तृतीया) येतेय, म्हणजे सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती. पेपरवाले भाऊ वर्षाची स्कीम घेऊन आले होते, सोबत स्टीलचा डबा फुकट. मी नाही भरली. महिन्याच्या महिन्याला घेतेय, आखाजीनंतर उत्तर छापलं तर पुढे चालू, नाही तर जूनपासून बंद आणि नणंदेच्या फोटोवर सोडवणार. तुम्ही नवीन लावणार असाल तर अवघड कोड्यासाठी जरूर लावा, पण पैसे आगाऊ भरू नका, आणि भुसावळ, यावल, रावेर बाजूला असाल तर पेपरवाल्याला आधी विचारून घ्या की जळगाव शहर आवृत्ती मिळते का, स्टेशनवरच्या स्टॉलला कधीकधी असते.