मूल बोलत नाही: जिल्हा रुग्णालयातलं केंद्र की खाजगी थेरपिस्ट?

दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून ('आई ये', 'दूध दे') बोलत नसेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणत थांबू नका. कुठेही गेलात तरी आधी कान तपासायचे. बेरा चाचणीला (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते यंत्रावर बघतात) मूल गाढ झोपलेलं लागतं. गाडीत डुलकी काढली की तिथे ते टक्क जागं राहतं आणि खेप फुकट जाते. टाळीला वळून बघतं म्हणजे नीट ऐकतं, हा समज मात्र खोटा. स, श, फ यांसारखे बारीक आवाज निसटत असू शकतात.

जिल्हा रुग्णालयाशी जोडलेलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं. तपासणी, उपचार मोफत. अंगणवाडीत येणारं आरोग्य पथक मुलांना तिथे पाठवतं. बालरोगतज्ज्ञ, श्रवण तपासणी, मानसतज्ज्ञ एकाच छताखाली, निदान धूसर असेल तेव्हा हे मोलाचं. अडचण तारखांची: गर्दी, लांबचा प्रवास, कधी पदच रिकामं.

खाजगीत वेळ लवकर मिळते, पण दर सत्राला पैसे. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते विचारा. मुलाला आत घेऊन तुम्हाला बाहेर बसवत असतील, तर आम्ही दुसरीकडे जा म्हणू. खरं काम घरी होतं. 'पाणी म्हण' असा लकडा लावू नका. पेला दाखवा, 'पाणी' म्हणा, मनात पाचपर्यंत मोजा. हात पुढे केला, 'पा' म्हटलं, तरी लगेच द्या.

परवडत नसेल तर सरकारी केंद्रात निदान करून घेणं आणि महिन्यातून एकदा खाजगी मार्गदर्शन, हेही चालतं.