रेस दिली की वाजणारी शिट्टी: आयसोलेटर, फिल्टर की नवं अर्थिंग?

इंजिन बंद ठेवून गाणं लावलं तर सगळं स्वच्छ. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते आणि रेस दिली की तिचाही सूर चढतो. डिकीत ॲम्प-वूफर (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर आणि बासचा स्पीकर) बसवून घेतलेल्या अनेकांना ही शिट्टी ओळखीची असेल. दुकानात तक्रार घेऊन गेलात की तीनपैकी एक उपाय पुढे येतो: डेककडून (डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टिमकडून) ॲम्पकडे गाणं नेणाऱ्या आरसीए वायरच्या मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर, डेकच्या पॉझिटिव्ह वायरमध्ये लावायचा नॉइज फिल्टर, नाहीतर अर्थिंग, म्हणजे निगेटिव्ह वायरची गाडीच्या पत्र्याशी जोडणी, पुन्हा करणं. पहिल्या दोन वस्तू आहेत, तिसरी मेहनत. काउंटरवरून वस्तू जास्त का सुचवल्या जातात, ते वेगळं सांगायला नको.

शिट्टी येते अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्राकडून. त्यात तयार होते ती तीन फेजची एसी. आतले डायोड तिची डीसी करतात, पण ती तळ्यासारखी शांत नसते, तिच्यावर बारीक लाटा राहतात. साध्या गाडीत इंजिन 800 आरपीएमवर असताना या लाटा सेकंदाला हजार-दीड हजारांच्या घरात असतात, म्हणजे थेट कानाला टोचणाऱ्या पट्टीत. इंजिन पळालं की अल्टरनेटर पळतो, म्हणून सूरही वर. या लाटा प्रत्येक गाडीत असतात. प्रश्न एवढाच, की त्या गाण्याच्या वायरमध्ये शिरतात कुठून.

बहुतेक वेळा शिरतात अर्थिंगमधून. डेकचं अर्थिंग डॅशबोर्डमागे, ॲम्पचं डिकीत, आणि दोघांना जोडणाऱ्या आरसीए वायरची बाहेरची जाळी म्हणजे तिसरा रस्ता. ॲम्पच्या अर्थिंगचा बोल्ट रंगावर किंवा गंजावर बसला असेल, तर थोडा करंट या जाळीतून परत जायला बघतो आणि लाटा सोबत नेतो. हे वर्तुळ म्हणजेच ग्राउंड लूप. समुद्राकाठच्या गाड्यांत हा त्रास जास्त. खाऱ्या हवेत पत्रा आणि लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) दोन्ही गंजतात.

आयसोलेटर नेमका हा रस्ता तोडतो. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तारेचा तारेशी संबंध उरत नाही. काही शे रुपयांत मिळतो, पाच मिनिटांत लागतो, गाडीची एकही वायर कापावी लागत नाही, त्यामुळे वॉरंटीतल्या गाडीलाही चालतो. किंमत मोजावी लागते ती बासमध्ये. स्वस्त आयसोलेटरचा छोटा कोर (ट्रान्सफॉर्मरचा गाभा) खालचे सूर पेलू शकत नाही. आवाज वाढवला की बास पातळ होतो किंवा फाटतो. वूफरसाठी हजारो रुपये घालून त्याच्याच तोंडावर ही गाळणी बसवायची, हे मला पटत नाही.

एका जागी मात्र मी डोळे झाकून आयसोलेटर घेईन. फोन ऑक्स वायरने जोडलाय, तोच फोन सिगारेट लायटरच्या चार्जरवर आहे, आणि चार्जर काढला की शिट्टी गायब. इथे वर्तुळ चार्जर आणि ऑक्सचं आहे, अर्थिंग खरडून उपयोग नाही. 3.5 एमएमचा आयसोलेटर लावा नाहीतर डेकच्या ब्लूटूथवर जा. यूएसबीवर चालून ऑक्समध्ये खोचायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मात्र तेच वर्तुळ परत जोडतो, तो घेऊन फसू नका.

नॉइज फिल्टर म्हणजे एक कॉइल आणि एक कपॅसिटर. पॉझिटिव्ह वायरमधून येणाऱ्या लाटा तो दाबतो, जाळीतून शिरणाऱ्या लाटांना हातही लावत नाही. म्हणून अनेकांच्या गाडीत तो लावूनही फरक पडत नाही. त्यावर लिहिलेले अँपियर नीट बघा: डेकसाठीचे फिल्टर 10-20 अँपियरचे असतात, ते 60 अँपियर फ्यूजच्या ॲम्पला लावले तर तापतील. आणि पॉझिटिव्हमध्ये लाटा खरंच जास्त असतील, तर आधी अल्टरनेटरकडे बघा. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर एसीवर लावा. 0.1 व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसलं तर एखादा डायोड गेला असण्याची शक्यता आहे, आणि तो फिल्टरने झाकणं म्हणजे पुढच्या महिन्यात बॅटरी बदलायची तयारी. (अगदी स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर डीसीलाही एसी समजून तीसेक व्होल्ट दाखवतो. असं झालं तर घाबरू नका, मीटर खोटं बोलतोय.)

राहिलं अर्थिंग. सामानाचा खर्च जवळपास शून्य: जाड वायर, चांगला लग, पॉलिश पेपर. वेळ मात्र अर्धा दिवस. पॉझिटिव्ह वायर जेवढी जाड तेवढीच अर्थिंगची, लांबी दीड फुटाच्या आत, खालचा पत्रा चकचकीत दिसेपर्यंत खरडलेला, बोल्ट आवळल्यावर वरून रंग किंवा ग्रीस. माझ्या गाडीत एका दुकानाने ॲम्पचं अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिलं होतं. तो बोल्ट जीव वाचवण्यासाठी असतो, त्याला हात लावू नये हे एक. शिवाय त्याखाली रंगाचा जाड थर होता. तीन आठवडे मला ‘ॲम्पच खराब आहे, बदलून घ्या’ असं सांगितलं जात होतं. शेजारीच पत्रा खरडून नवा बोल्ट टाकला आणि शिट्टी तिथल्या तिथे बंद झाली. पत्र्याला भोक पाडण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी कुठे आहे ते बघा.

यातलं काय घ्यायचं, हे खिशावर नाही, एका चाचणीवर ठरतं. सिस्टिम बंद करून ॲम्पच्या इनपुटमधल्या आरसीए काढा. दुसऱ्या एखाद्या जुन्या, टाकाऊ आरसीए वायरचे प्लग कापून आतली तार आणि जाळी एकत्र पिळा आणि ते प्लग ॲम्पच्या इनपुटमध्ये खोचा. आता इंजिन सुरू करा. शिट्टी तरीही आली, तर गडबड ॲम्पच्या वीजपुरवठ्यात किंवा अर्थिंगमध्ये. गेली, तर ती आरसीए वायर किंवा डेककडून येतेय.

दुसऱ्या बाबतीतही थेट आयसोलेटर घेऊ नका. ॲम्पचं अर्थिंग कच्चं असलं तरी शिट्टी जाळीवाटेच येते, त्यामुळे ते तपासायचंच. मग आरसीए पॉझिटिव्ह वायरला चिकटून गेली आहे का बघा. एक डाव्या बाजूने, एक उजव्या, आणि एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. त्यानंतर एका वायरच्या तुकड्याने डेकमागच्या आरसीएचं बाहेरचं कडं डेकच्या पत्र्याला टेकवा. शिट्टी थांबली, तर डेकमधला आरसीएच्या अर्थिंगचा बारीक फ्यूज उडालाय. डेक चालू असताना आरसीए काढ-घाल केली की काही डेकमध्ये तो उडतो.

आणि गेन. डेककडून येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा, हे ठरवणारी ही खुंटी. ती म्हणजे आवाजाचं बटण असं समजून शेवटापर्यंत फिरवलेली असते. डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून गेन खाली आणा, गाणं तेवढंच वाजेल आणि शिट्टी कमी होईल. कित्येकांचं काम इथेच भागतं.

कंपनीचा डेक ठेवून स्पीकरच्या वायरमधून हाय-लो कन्व्हर्टरने (स्पीकरचा जोरदार सिग्नल आरसीएपुरता कमी करणाऱ्या डबीने) ॲम्प चालवणाऱ्यांनी कन्व्हर्टरचं अर्थिंग ॲम्पच्याच बोल्टवर आणून बघावं. तिथे मी चांगल्या, मोठ्या कोरच्या आयसोलेटरलाही नाही म्हणणार नाही, कारण डॅशबोर्ड उघडणं प्रत्येकाला परवडत नाही.

शिट्टीऐवजी रेसबरोबर वाढणारी टकटक असेल, तर तिन्ही उपाय बाजूला ठेवा. पेट्रोल गाडीत ती स्पार्क प्लगची असू शकते, रेझिस्टरवाले प्लग आहेत का ते बघा. आवाज फक्त एफएमवर येत असेल आणि ब्लूटूथवर नसेल, तर तो अँटेनातून येतोय. छतावरच्या अँटेनाचा तळ उघडून साफ करा.