ठरलेला तास घ्यावा की लागेल तसं बुकिंग? प्रायव्हेट थेरपी सुरू करणाऱ्यांसाठी

मानसोपचारासाठी थेरपिस्ट शोधताना आपण डिग्री बघतो, फी बघतो, पद्धत कुठली ते विचारतो आणि पहिल्या भेटीत माणूस बरा वाटला की समोर आलेल्या कागदावर सही करून मोकळे होतो. तो कागद कोणी वाचत नाही. मीपण वाचला नव्हता. मग दोन महिन्यांनी न गेलेल्या सेशनचे पैसे भरायची वेळ येते तेव्हा कळतं की अरे, हे तर पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

मी दोन्ही प्रकार करून बघितलेत. एका थेरपिस्टकडे दीड वर्ष ठरलेला तास होता, म्हणजे दर मंगळवारी संध्याकाळी सहा, तो स्लॉट माझा, गेले नाही तरी माझाच आणि पैसेही माझेच. नंतर दुसरीकडे गेले तिथे जेव्हा पाहिजे तेव्हा मोकळी वेळ बघून बुक करायचं आणि २४ तास आधी कळवलं तर कॅन्सल फुकट. काही जण ४८ तास ठेवतात. कागदावर बघितलं तर दुसरा प्रकार सरळसरळ आपल्या फायद्याचा वाटतो, मलाही तसंच वाटलं होतं.

ठरलेल्या तासाची भानगड नवी नाहीये. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याने १९१३ च्या एका लेखात हेच लिहून ठेवलंय, की प्रत्येक पेशंटला दिवसातला एक तास भाड्याने दिल्यासारखा द्यायचा, आला नाही तरी त्याची जबाबदारी त्याचीच. वर त्याचं निरीक्षण असं की सूट दिली की ‘कधीतरी’ होणाऱ्या दांड्या इतक्या वाढतात की डॉक्टरच्याच पोटावर पाय येतो, आणि नियम कडक ठेवला की अचानक येणाऱ्या अडचणी जवळजवळ गायबच होतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा शुद्ध धंदा वाटला. आता निम्मं पटतं. कारण माझ्या कॅन्सल केलेल्या सेशन्सची यादी काढली ना, तर त्यातली बहुतेक नेमकी त्या आठवड्यातली होती जेव्हा आधीच्या वेळी काहीतरी जड विषय निघाला होता. डोकं दुखतंय, ऑफिसात काम आलं, पुढच्या आठवड्यात बघू. लागेल तसं बुकिंगमध्ये ही पळवाट कायम उघडी असते आणि तिला काही किंमतही पडत नाही, म्हणून आपण पळतोय हे आपल्या लक्षातच येत नाही.

पण म्हणून ठरलेला तास सगळ्यांना चांगला असंही नाही. शिफ्ट ड्युटी असेल, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, स्वतःलाच असा आजार असेल की सकाळी उठल्याशिवाय आजचा दिवस कसा जाणार ते कळत नाही, तर दर वेळी न घेतलेल्या सेवेचे पैसे भरणं म्हणजे शिक्षाच. आणि अजून एक जात असते, ती कॅन्सल करून पळत नाही, ती शहाण्या मुलासारखी दर आठवड्याला वेळेवर जाते, गोड बोलते आणि काहीच सांगत नाही. त्यांना ठरलेला तास नुसता हजेरीपट होऊन बसतो, त्यापेक्षा स्वतः ठरवून बुक करावं लागलं तर निदान ‘मला आज का जायचंय’ हा प्रश्न तरी पडतो. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते की तू पळतेस कशी ते आधी बघ आणि मग पॉलिसी निवड.

ठरलेला तास घेणार असाल तर सही करायच्या आधी हे विचारून घ्या: त्याच आठवड्यात दुसरी वेळ मिळाली तर पैसे माफ होतात का, वर्षातून किती आठवडे सुट्टी चालते, ताप आला तर काय, आणि थेरपिस्ट स्वतः आजारी पडला किंवा महिनाभर रजेवर गेला तर माझा स्लॉट राहतो का. हे शेवटचं विचारायला भीड वाटते, मला वाटली होती, पण समोरचा माणूस न चिडता उत्तर देतो का हेही त्यातून कळतं. कडक नियम असला तरी स्पष्ट असेल तर निभावतो हो. खरा त्रास होतो ‘बघू हो, तुमच्याकडून काय पैसे घ्यायचे’ असं म्हणणाऱ्याचा, कारण तो एका वेळी सोडतो, दुसऱ्या वेळी घेतो, आणि मग आपण सेशनमध्ये बसून त्याला राग आलाय का याचाच विचार करतो.

वेळेचं दोन्हीकडे साधारण सारखंच. सेशनला ‘तास’ म्हणतात पण असतो बहुधा ५० मिनिटांचा, उरलेल्या दहा मिनिटांत त्यांना नोंदी करायच्या असतात, पाणी प्यायचं असतं, पुढच्याला घ्यायचं असतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलात तर तीसच मिळणार, फी पूर्ण. ईएमडीआरसारख्या (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने जुन्या धक्क्याच्या आठवणींवर करतात त्या) कामाला ९० मिनिटांचं सेशनपण ठेवतात, तेव्हा फी मिनिटांवर आहे का सेशनवर ते विचारा. आणि खरा मुद्दा शेवटच्या दोन मिनिटांत, चपला घालता घालता निघतो, हे जवळपास सगळ्यांचंच होतं. तेव्हा ‘हे पुढच्या वेळी’ असं म्हणून थांबवलं तर दुखतं. ठरलेल्या तासात पुढची वेळ सात दिवसांवर आहे हे माहीत असतं. बुकिंगवाल्याकडे कधीकधी पुढची मोकळी वेळच तीन आठवड्यांनी असते आणि तोवर तो मुद्दा परत आत जाऊन बसलेला असतो.

म्हणूनच सुरुवातीला नियमितपणा लागतो असं मला वाटतं. १९८६ मध्ये हॉवर्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून आकडे काढले होते, त्यात आठ सेशन्सपर्यंत साधारण निम्म्या लोकांमध्ये मोजता येईल अशी सुधारणा दिसली आणि सव्वीसपर्यंत सुमारे ७५ टक्क्यांमध्ये. सरासरी आहे ती, तुमचं माझं भविष्य नाही. पण हिशोब करायला उपयोगी पडते: निदान आठ सेशन्स सलग करता येतील एवढे पैसे आणि वेळ बाजूला आहेत का ते बघा, दोन करून तीन महिने गॅप घेण्यात फार अर्थ नाही. सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी पद्धत, ती करणारे बरेच जण बारा ते वीसचा अंदाज आधीच देतात, वर गृहपाठही देतात. सायकोडायनॅमिक, म्हणजे फ्रॉइडच्या वळणाने मनाच्या तळाशी जाणाऱ्या पद्धतीत बहुधा असा आकडा नसतो आणि तिथे ठरलेला तास जास्त दिसतो. आता कोणी अपमान केला, अंगचटीला आला किंवा तुमच्या डोक्यावर स्वतःची मतं मारत बसला तर आठ वगैरे मोजत बसू नका, उठा आणि निघा.

पैसे भरायच्या पद्धतीत मला एकच गोष्ट खटकते ती म्हणजे आगाऊ पॅकेज. दहा सेशन्स घेतली तर सवलत, ऐकायला छान, पण तिसऱ्या सेशनला कळलं की आपलं जमत नाहीये तर उरलेले सात परत मिळतात का? लेखी नसेल तर घेऊ नका. दर सेशनला भरणं किंवा महिन्याचं एकत्र बिल, दोन्ही ठीक. फी कधी वाढते, किती आधी सांगतात, ऐपतीप्रमाणे कमी फीच्या जागा आहेत का, हे पहिल्या फोनवरच विचारलं तर कोणाला वाईट वाटत नाही. इन्शुरन्समधून घ्यायचे असतील तर फाईलवर बहुतेक वेळा आजाराचं निदान लिहावं लागतं आणि ते निदान तिसऱ्याच कोणाच्या नजरेखाली जातं, तेव्हा काय लिहिणार ते आधी दाखवायला सांगा.

मधल्या दिवसांतल्या मेसेजेसचं बघा. माझी मंगळवारवाली बाई फक्त वेळ बदलण्यापुरतं उत्तर द्यायची, मी एकदा रात्री भलंमोठं लिहून पाठवलं तर ‘मंगळवारी बोलू’ एवढंच आलं. चिडले होते मी. मंगळवारी त्यावरच पन्नास मिनिटं गेली आणि ती वाया गेली नाहीत एवढं कबूल करते. ॲपवाले ‘कितीही मेसेज करा’ म्हणतात पण उत्तर कधी येणार ते बारीक अक्षरात असतं. आणि दोन्हीपैकी काहीच इमर्जन्सी सेवा नाही, जिवाचा प्रश्न असेल तर कोणाला फोन करायचा ते पहिल्याच भेटीत ठरवून घ्या आणि नंबर फोनमध्ये सेव्ह करा.

गुप्ततेबाबतीत प्रकार कुठलाही निवडा, नियम साधारण तेच. बोललेलं बाहेर जात नाही, अपवाद म्हणजे तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, मुलांवर अत्याचार, कोर्टाचा आदेश. नेमकं काय ते जिथे राहता तिथल्या कायद्यावर. १९७६ च्या कॅलिफोर्नियातल्या टॅरासॉफ खटल्यानंतर (पेशंटने थेरपिस्टकडे बोलून दाखवून मग त्या मुलीचा खून केला, तिला कोणी सावध केलं नव्हतं) ‘ज्याला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी’ हा विषय मोठा झाला. लोक विचारायचं विसरतात ते वेगळंच: फी आईवडील किंवा नवरा भरत असेल तर त्यांना काय सांगणार? उत्तर ‘फक्त पावती’ असं यायला हवं. जोडप्याने जात असाल तर एकट्याने फोन करून सांगितलेलं गुपित थेरपिस्ट ठेवणार का नाही हेही, कारण काही जण अशी गुपितं ठेवायला सरळ नकार देतात आणि ते कळेपर्यंत बोलून झालेलं असतं. ऑनलाइन असेल तर रेकॉर्डिंग होणार नाही हे दोन्ही बाजूंनी ठरवून घ्या, आणि तुमच्याकडे दार लावता येईल अशी खोली आहे का ते तुमचं तुम्ही बघा.

रस्त्यात दिसले तर ते ओळख दाखवणार नाहीत, तुम्ही हसलात तरच हसतील. फ्रेंड रिक्वेस्ट घेणार नाहीत. त्यात राग मानू नका.

राहिलं सोडायचं कसं. ठरलेल्या तासात बहुतेक जण सांगतात की थांबायचं असेल तर एकदोन सेशन्स आधी बोला, निरोपासाठी. लागेल तसं बुकिंगमध्ये काही सांगावं लागत नाही, पुढचं बुक केलं नाही की संपलं. मी दुसरीकडचं असंच सोडलं. मंगळवारवालीकडे मात्र शेवटची तीन सेशन्स फक्त निरोपाची झाली, तिसऱ्यात मी अर्धा तास गप्पच बसले होते आणि त्याची पूर्ण फी भरली, ती मात्र मला अजिबात जड वाटली नाही.