गिओन मात्सुरीला भाड्याचा युकाता: हौस फिटली, पाय सोलले

जपानमधल्या क्योतोत गिओन मात्सुरी या जुलैतल्या उत्सवासाठी युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) भाड्याने घेणार असाल तर दुकानात पाय टाकल्या टाकल्या पहिलं हे विचारा की परत कधी द्यायचा. मी नाही विचारलं. १६ जुलैला दुपारी दोनला आई आणि मी तयार होऊन बाहेर पडताना काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, सहाच्या आत या हं. अहो, सहाला तर शिजो रस्ता गाड्यांना बंद होतो आणि खरी मजा चालू होते! दुसऱ्या दिवशी परत द्यायला माणशी हजार येन जास्त, हे वेबसाइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात होतं म्हणे. भरले गुपचूप.

बाकी नेसवणाऱ्या काकू मात्र एक नंबर. दहा मिनिटांत दोघी तयार. डावी बाजू वर आली पाहिजे, उजवी वर घेतली तर ते मेलेल्या माणसाला नेसवल्यासारखं होतं, हे त्यांनी खुणा करकरून आईला समजावलं. मग पोटावर ओबी, म्हणजे रुंद कंबरपट्टा, असा आवळला की आई म्हणाली, यापेक्षा नऊवारी परवडली, निदान श्वास तरी घेता येतो. कापड सुती, रंग छान, पिना वगैरे काही नाही, सगळा कारभार नाड्यांवर. पण त्यांच्या गेता, म्हणजे लाकडी चपला! अंगठ्यातला पट्टा नवा करकरीत, अर्ध्या तासात कातडं सोललं. बँडेज पट्ट्या जवळ ठेवा, किंवा सरळ आपल्या चपला घाला, खाली कोणी बघत नाही.

आता उत्सवाचं. हा चालतो अख्खा जुलै, यासाका देवळाचा. इ. स. ८६९ मध्ये साथ पसरली तेव्हा देवाला शांत करायला ६६ भाले उभारले, तिथून सुरुवात. गिओन हे नाव आपल्या श्रावस्तीच्या जेतवनावरून, म्हणजे बुद्धाच्या विहारावरून आलंय, हे ऐकल्यावर आईला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. १७ तारखेला मोठी मिरवणूक असते पण माझं मत विचाराल तर आदल्या तीन संध्याकाळी जास्त भारी. गल्लोगल्ली रथ उभे, कंदील पेटलेले, वर बसलेली मंडळी झांज-बासरी-ढोल वाजवतायत, कोन्चिकिचिन कोन्चिकिचिन, तो ठेका रात्री झोपेतही डोक्यात वाजत होता. छोटी पोरं ओळीत बसून गाणं म्हणत मेणबत्त्या आणि चिमाकी विकतात. चिमाकी म्हणजे बांबूच्या पानांची जुडी, मी खायचं समजून सोडायला निघाले होते, शेजारच्या आजींनी हात धरला. ते दारावर लावायचं असतं, रोगराई येऊ नये म्हणून. सोमिन शोराई नावाच्या गरिबाने देवाला घरात आसरा दिला, म्हणून त्याच्या वंशजांना साथीतून अभय, आणि जुडीवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं की आम्ही त्याचेच वंशज. अगदी आपल्या श्रावणातल्या कहाणीसारखं.

त्सुकिहोको रथाजवळ आई अडकलीच. छताच्या आत मारुयामा ओक्यो या चित्रकाराने १७८४ साली काढलेली फुलं, आणि अंगावर भारतातून आलेले गालिचे! या उत्सवातले काही जुने गालिचे दख्खनचे आहेत असं अभ्यासकांनी शोधून काढलंय. कुठलं दख्खन, कुठलं क्योतो, कोणत्या व्यापाऱ्याच्या जहाजातून आले असतील. आई पाच मिनिटं नुसती किनार बघत उभी होती, मागची गर्दी ढकलतेय तरी हलायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीला पैसे भरून खुर्ची घ्यायच्या भानगडीत पडलो नाही, शिजो-कावारामाचीच्या कोपऱ्यावर सकाळी साडेसातपासून उभे. उन्हाने भाजून निघालो पण वसूल. मोठा रथ बारा टनांपर्यंत भरतो, सांगाडा खिळ्यांशिवाय नुसता दोरांनी बांधलेला, आणि चाकं वळतच नाहीत. मग चाकांखाली बांबूच्या पट्ट्या अंथरतात, पाणी ओततात, वरून दोघं पंखे हलवत "योई योई एन्यारायाऽ" ओरडतात आणि खालचे सगळे एकदम आडवा हिसका देतात. रथ करकरत घसरतो, वरचा उंच दांडा लचकतो, जनता टाळ्या. दोन-तीन हिसक्यांत काटकोन पुरा. आई आपली नकळत "अरे सांभाळा रे" म्हणून मोकळी.

तर दुकानाला ५ पैकी ३, तेही काकूंमुळे. लहान मुलं किंवा गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर १६ ची रात्र टाळा, गर्दीत एकदा शिरलं की चालणं आपल्या हातात नसतं. त्यापेक्षा २१ ते २३ ला जा. मागच्या टप्प्याची वेगळी मिरवणूक २४ ला असते, १९६६ मध्ये ती पुढच्या मिरवणुकीत मिसळून टाकली होती, २०१४ पासून परत सुरू झालीये. तेव्हा खाऊचे स्टॉल नसतात पण रथ अगदी जवळून, निवांत बघता येतात. आई पुढच्या जुलैत परत येतेय, आम्ही २३ ला जाणार, सुती पंजाबी ड्रेस आणि स्वतःच्या चपला.