एकटीचा तंबू, पुळण आणि कातळ: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, शाळेच्या सुट्ट्या आणि शनिवार-रविवार जोडून, मी हरिहरेश्वरापासून गावखडीपर्यंतचा किनारा पाठीवर सॅक घेऊन तुकड्यातुकड्यांनी चालले. बाणकोट, दाभोळ आणि जयगडच्या खाड्या फेरीबोटीने ओलांडल्या, बाकी जमेल तेवढे पायी. या काळात एकाच तंबूत ३१ रात्री काढल्या: १७ पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, ६ जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट उघड्या कातळावर, आणि उरलेल्या ८ कोणाच्या तरी आगरात (नारळ-सुपारीच्या बागेत), अंगणात किंवा देवळाच्या आवारात. तंबू घेण्यापूर्वी मी जे जे वाचले ते जवळजवळ सगळे थंड आणि कोरड्या डोंगराळ प्रदेशांत फिरणाऱ्यांनी लिहिलेले होते. त्यातला बराचसा सल्ला आपल्याकडे लागू पडत नाही, हे मला वापरता वापरता कळले.

कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच घडणीचे तंबू निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि प्रश्न नावाचा नसून घडणीचा आहे. माझा तंबू दुहेरी आहे. आत जाळीचा तंबू आणि त्यावर २० डेनियर नायलॉनचे आवरण, ज्याला बाहेरून सिलिकॉनचा आणि आतून पॉलियुरेथेनचा लेप आहे. (डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. २० डेनियरचा धागा किती बारीक असतो, याची कल्पना त्यावरून यावी.) ॲल्युमिनियमचा एकच पोल असून तो डोक्याकडे वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा आणि पायाकडे एकेरी आहे. आतली लांबी २१० सेंटिमीटर, रुंदी डोक्याकडे ७५ व पायाकडे ६० आणि उंची १०० सेंटिमीटर. माझी उंची पाच फूट चार इंच असल्याने मला ताठ बसता येते, कपडे बदलता येतात, आणि आवरणाखाली दाराबाहेर जी जागा उरते, जिला मी पडवी म्हणते, तिथे सॅक आणि चपला राहतात.

वजनाच्या बाबतीत पहिलीच फसगत झाली. जाहिरातीत १,२०० ग्रॅम लिहिले होते. आमच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला तेव्हा आतला तंबू, आवरण आणि पोल मिळून १,२४० ग्रॅम भरले. त्यात दहा खुंट्यांचे १४०, ताणदोऱ्यांचे ३५ आणि पिशवीचे ५० मिळवले की १,४६५ होतात, आणि खाली अंथरायचा प्लास्टिकचा तुकडा धरला तर सोळाशेच्या पुढे. विकणारे बहुधा खुंट्या व पिशवी वगळून किमान वजन सांगतात, त्यामुळे दोन तंबूंची तुलना करताना दोन्हीकडे एकच आकडा पाहत आहोत ना, हे तपासणे आवश्यक आहे.

खरे तर मला याहून हलका तंबू घ्यायचा होता. चालताना हातात असलेल्या काठ्यांवरच उभा राहणारा, पोल नसलेला, एकेरी कापडाचा तंबू एका मैत्रिणीकडे होता. वजन ७८० ग्रॅम. आधीच्या मार्चमध्ये तो उसना घेऊन मी दिवेआगरच्या पुळणीवर झोपले. असा तंबू स्वतः उभा राहत नाही, तो सर्वस्वी खुंट्यांच्या ताणावर उभा असतो, आणि कोरड्या वाळूत बोटभर जाडीच्या खुंटीला धरायला काहीच नसते. रात्री अकराच्या सुमारास वाऱ्याच्या एका झोताने कोपऱ्यातली खुंटी उपटली, तिच्यामागोमाग दुसरी गेली, आणि दवाने भिजलेले गार कापड तोंडावर घेऊन मी जागी झाले. पुन्हा उभा केला, तासाभरात पुन्हा पडला. उरलेली रात्र मी तो पांघरूनच काढली. त्या सकाळी सातशे ग्रॅमचा मोह संपला.

वाळूत तंबू बांधण्याची युक्ती मला कोणत्याही दुकानाने शिकवली नाही, ती केळशीला नारळ सोलत बसलेल्या एका काकांनी शिकवली. माझी खुंट्यांशी चाललेली झटापट ते बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "ताई, त्या टाचण्या ठेवा पिशवीत. हे घ्या," आणि त्यांनी चार सोडणे, म्हणजे नारळाची जाड सालपटे, माझ्याकडे टाकली. सोडणाला ताणदोरी मधोमध बांधायची, हातभर खोल खड्डा करून ते दोरीला आडवे पुरायचे आणि वर वाळू पायाने दाबायची. आडव्या पुरलेल्या वस्तूला उपटण्यासाठी वरची सगळी वाळू उचलावी लागते, उभी खुंटी मात्र नुसती सरकत बाहेर येते. त्या दिवसानंतर पुळणीवर माझी एकही दोरी सुटली नाही. सोडणे न मिळाल्यास वाळूने भरलेली कापडी पिशवी हेच काम करते, म्हणून मी जुन्या सुती कापडाच्या सहा लहान पिशव्या शिवून घेतल्या आहेत. दहापैकी सहा खुंट्या आता घरीच असतात.

पुळणीवर जागा निवडताना वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांची रेघ पाहून तिच्या बरीच वर राहावे, हे सर्वांना ठाऊक असते. मी त्याबरोबर तिथीचा हिशेबही करते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आमच्याकडचे जुने गणित: चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा कालची रेघ आज चालत नाही. वेळास आणि आंजर्ले येथे मात्र नोव्हेंबर ते मार्च या काळात मी पुळणीवर तंबू लावलाच नाही. ऑलिव्ह रिडले कासविणी तिथे अंडी घालायला येतात आणि आत दिवा लावलेला तंबू अंधारात कंदिलासारखा दिसतो.

सड्यावरची अडचण नेमकी उलटी. तिथे खुंटी जातच नाही. जांभ्यावर दगडाने ठोकली तर वाकते, आणि आजूबाजूला कातळशिल्पे असण्याची शक्यता असताना ठोकूही नये. माझा तंबू 'स्वतः उभा राहणारा' म्हणून विकला जातो, परंतु ते पाऊण सत्य आहे. डोक्याकडचे दोन कोपरे पोलच्या फाट्यांनी ताणले जातात, पायाकडचे दोन मात्र ताण दिल्याशिवाय पसरत नाहीत, आणि न पसरल्यास आवरण आतल्या जाळीला चिकटते. त्या दोन कोपऱ्यांच्या फासांत वितभर काटकी अडकवून तिच्यावर जांभ्याचे दगड ठेवले की काम भागते. घेणाऱ्यांनी हे दुकानातील गुळगुळीत फरशीवर, एकही खुंटी न वापरता, उभा करून पाहावे. पुन्हा घ्यायची वेळ आली, तर मी शंभर-दीडशे ग्रॅम जास्त सोसून चारही कोपऱ्यांना पोल पोहोचणारा घेईन.

आता ओलाव्याविषयी, कारण कोकणात तंबूची परीक्षा पावसापेक्षा दवात अधिक होते. झोपलेला माणूस रात्रभरात निदान वाटीभर पाणी श्वासावाटे आणि घामावाटे बाहेर टाकतो. त्यात इथली हवा मुळातच दमट. निरभ्र रात्री पातळ कापड आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाणी धरते. एकेरी तंबूत ते पाणी थेट अंगावर येते, दुहेरी तंबूत ते बाहेरच्या आवरणावर राहते आणि जाळी मध्ये असल्याने आपण कोरडे राहतो. गुहागरला जानेवारीत मी लागोपाठ दोन रात्री राहिले. पहिली रात्र उघड्या पुळणीवर: सकाळी आवरण आतून पंचाने पुसले आणि पंचा दोनदा पिळावा लागला. दुसरी रात्र शेपन्नास पावलांवर, सुरूच्या बनात: कापडाला हात लावला तर फक्त गार लागले. झाडाचे छत आकाशाला आडवे येते म्हणून कापड तितके निवत नाही, एवढाच तो फरक आहे. नारळाखाली मात्र कधीही झोपू नये. झावळी पडली तरी तंबूचे काम तमाम होते, नारळाचे तर बोलायलाच नको.

एकदा घाईत ओला तंबू तसाच गुंडाळून घरी आणला आणि कुतूहलाने काट्यावर ठेवला. ३१० ग्रॅम वाढले होते. हलक्या कापडासाठी मोजलेले पैसे असे एका रात्रीत पाण्यात जातात. तेव्हापासून सकाळी चहा होईपर्यंत आवरण काढून झुडपावर पसरते आणि मगच निघते.

दाराची दिशा ठरवतानाही मी सुरुवातीला चुकत असे. संध्याकाळी समुद्राकडून येणारा खारा वारा छान लागतो म्हणून दार पश्चिमेला करून झोपावे, तर रात्री वारा पडतो आणि नंतर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहू लागतो, म्हणजे तंबूच्या बंद पाठीवर. मतलई मंद असते, पण ओलावा वाहून नेण्यास तेवढीच पुरे. आता मी तंबू किनाऱ्याला समांतर लावते आणि आवरणाची दोन्ही अंगे वितभर उचलून ठेवते. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याचा एक लाभ असा, की सकाळचे ऊन डोंगर आणि झाडांच्या मागून उशिरा येते. बनाच्या समुद्राकडील कडेला तंबू असेल तर मार्चमध्येही आठपर्यंत सावली मिळते. सड्यावर ही सोय नाही. सात वाजता आत बसवत नाही.

पावसाची एकच खरी रात्र मिळाली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, परतीचा पाऊस. तीन तास विजांसह कोसळला. शिवणींतून एक थेंब आला नाही, तळही कोरडा राहिला. परंतु नायलॉन भिजले की सैल पडते, हे वाचलेले होते ते पाहिले: अर्ध्या तासात आवरण पोटासारखे लोंबू लागले आणि पायाकडे जाळीला टेकले. स्लीपिंग बॅगचे टोक भिजले. मध्यरात्री बाहेर जाऊन सर्व दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागल्या. पॉलिएस्टरचे कापड असे फारसे सैल पडत नाही आणि उन्हालाही अधिक टिकते, वजन किंचित वाढते इतकेच. दमट हवेसाठी मी आता पॉलिएस्टरकडे झुकले आहे.

पूर्ण जाळीचा एक तोटा एप्रिल-मेमध्ये कळतो. दुपारनंतर वारा सुटला की पिठासारखी बारीक वाळू आवरणाखालून उडते आणि जाळीतून गाळून आत येते. उशीवर, कानात, डब्यात. खालचा हातभर भाग कापडाचा असलेली जाळी मिळते, पण मेच्या उकाड्यात ती सोसणार नाही असे मला वाटते. वाळू झटकता येते. डास आणि खेकडे यांच्यापासून जाळीने चोख राखण केली. हुमल्यांनी, म्हणजे झाडावरच्या लाल चावऱ्या मुंग्यांनी, मात्र एकदा गाठले, कारण मी आळसाने एक ताणदोरी आंब्याच्या कलमाच्या फांदीला बांधली होती आणि पहाटे त्यांची रांग त्याच दोरीवरून उतरून पडवीत आली होती.

मोडतोड झाली ती चेनची. पाचव्या महिन्यात आतल्या दाराचा रनर पुढे सरकायचा, पण मागे दाते उघडेच राहायचे. खारट हवा आणि वाळू यांनी रनर आतून झिजला होता. पक्कडीने त्याच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हाताने दाबल्या आणि चेन पुन्हा मिटू लागली, परंतु हा उपाय दोन-तीनदाच चालतो. विक्रेत्याला लिहिले असता, समुद्रकिनाऱ्यावरील वापर हमीत बसत नाही, असे उत्तर आले. खरेदीच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. अखेर रत्नागिरीत सॅका दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ४० रुपयांत नवा रनर घालून दिला. आता प्रत्येक फेरीनंतर चेन गोड्या पाण्यात ब्रशने धुते. पोलचे सांधेही ओल्या फडक्याने पुसते, कारण मीठ साचून दोन तुकडे एकमेकांत असे बसले होते, की ते सोडवायला दोघांना ओढावे लागले.

तंबू आगरात लावायची परवानगी मागितली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले. "अगो, तंबू कशाला, पडवी मोकळी आहे, तिथे नीज की." आठपैकी तीन रात्री मी तंबू घराच्या पडवीतच, मच्छरदाणी म्हणून, आवरणाशिवाय लावला. अशा वेळी नुसता आतला भाग उभा राहतो, ही सोय काठ्यांवरच्या तंबूत नसते.

सध्या पावसाळा आहे. पॉलियुरेथेनचा लेप दमट उष्णतेत हळूहळू विरघळल्यासारखा चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. एकदा ते सुरू झाले की उपाय नाही. म्हणून तंबू त्याच्या घट्ट पिशवीत न ठेवता सुती अभ्र्यात सैल भरून, पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवला आहे. पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर गरम करून पुन्हा वापरते. गेल्या रविवारी उघाड मिळाली तेव्हा बाहेर काढून पाहिला: लेप कोरडा आहे, वास नाही, पायाकडच्या कोपऱ्यात केळशीची चिमूटभर वाळू अजून आहे.